दोन काठांची लेहिया

मी एक काचेचा बुधला बोलतोय. पोट मोठं, मान आखूड, अंगावर वेताची टोपली. माझ्याकडे बघून कुणाला खरं वाटणार नाही, पण माझ्या पोटातल्या ऐवजानं एक माणूस गेला, आणि दुसऱ्याच दिवशी एका बाईच्या डोळ्यांत ओतायला मला उचललं होतं. आता माझ्यात साधं पाणी आहे, म्हणून निवांत बोलतोय. पूर्वी बोलायची सोय नव्हती. मी तोंड उघडलं की समोरचा खोकत बाहेर पळायचा.

शांतपणा म्हणजे काय ते मला जन्मापासून माहीत नाही. समुद्राकाठच्या एका काचकारखान्यात, भट्टीच्या तोंडाशी मी जन्मलो. मला फुंकणारा माणूस फुंकता फुंकता शेजाऱ्याशी भांडत होता. त्या रागात एक फुंकर जास्त गेली, आणि माझं पोट डावीकडे सुटलं ते सुटलंच. इतर बुधले सरळ उभे राहतात, मी जरा कलून. हे माझं जन्मजात व्यंग.

पहिल्यांदा माझ्यात द्राक्षाची दारू भरली. ट्रकमधून चार दिवस घाट चढून मी डोंगरावरच्या सरोवराकाठी एका लग्नात पोचलो. दुपारपर्यंत सगळे गळ्यात गळे घालून नाचत होते. मग कुणाच्या गावचा बँड बेसूर वाजतो यावरून नवरीचा मामा आणि नवऱ्याचा मामा हमरीतुमरीवर आले. एकानं मला उचललं आणि दुसऱ्याच्या डोक्यात घातलं. डोकं फुटलं, मी नाही. काय सांगू, लोक मला फिरवून फिरवून बघत होते, "काच बघा, काच! तडासुद्धा नाही!" आणि तो बिचारा भिंतीला टेकून रक्त पुसत होता. त्याच्याकडे बघायला कुणाला वेळच नव्हता.

रिकामा झाल्यावर मी हातोहात फिरत देसाग्वादेरोला आलो. नदीच्या अलीकडे पेरू, पलीकडे बोलिव्हिया, दोन्ही काठांवरच्या गावाचं नाव एकच, आणि मध्ये पूल. लोकही एकाच रक्ताचे. सोयरीक पलीकडे, शेत अलीकडे, कोंबडी इकडची, खुराडं तिकडचं. बोलीही एकच, असं आपलं सगळे समजत होते. मीही समजत होतो.

अलीकडच्या काठावर नासारियो तिकोना नावाचा पत्र्याचं काम करणारा कारागीर होता. जत्रेत मोरेनादाचा नाच होतो, त्याचे पत्र्याचे मुखवटे तो बनवायचा: सुजलेले ओठ, बाहेर आलेले डोळे, लोंबणारी जीभ. पत्र्याला झाळ द्यायची, म्हणजे कथलानं सांधायचं, तर आधी पत्रा स्वच्छ खरवडून निघावा लागतो, आणि ते काम तेजाब, म्हणजे ॲसिड, करतं. त्यानं माझ्यात ते भरलं, मानेला लाल चिंधी बांधली आणि ऐरणीशेजारी ठेवलं.

तेजाब म्हणजे काय चीज आहे ते मला विचारा. वर्षानुवर्षं पोटात सांभाळलंय. पत्र्यावर थेंब पडला की पत्रा चरचरतो, सिमेंटवर पडला की फेस येतो, सदऱ्यावर पडला की दुसऱ्या दिवशी तिथं भोक. फक्त काच तेवढी त्याला दाद देत नाही. नासारियोच्या बोटांची टोकं पिवळी पडून सोलवटलेली असायची. पण हात असा की मुखवट्यावर पापणीसुद्धा झाळून काढेल. बोलणं कमी, आणि रागावला तर हातोडीचा आवाज तेवढा वाढायचा. बायको लगेच ओळखायची.

बायको फोर्तुनाता. अडतिशीची, ठेंगणी, दोन वेण्या पाठीवर एकमेकींना बांधलेल्या. नववीत शाळा सुटली होती, त्याची खंत तिच्या डोक्यातून गेली नव्हती. गावात मोठ्या माणसांसाठी शनिवारी सकाळी वर्ग भरायचे. तिनं नाव घातलं तेव्हा दीर निकानोर दुकानात येऊन खो-खो हसला.

"वहिनी, आता या वयात डॉक्टरीण होणार का तुम्ही?"

"झाले तर पहिलं इंजेक्शन तुम्हालाच देईन भावजी. जाड सुई ठेवलीय."

नासारियो गालात हसला. निकानोर नाही हसला. या माणसाला थट्टा करायला यायची, सोसायला नाही. असे लोक मी बरेच बघितले.

एका शनिवारी फोर्तुनातानं मला पाठीवर कापडात बांधलं, इथं पोरं बांधतात तसं, आणि वर्गात नेलं. रसायनाच्या बाईंना प्रयोगाला आम्ल हवं होतं. बाईंचं नाव औरेलिया कालिसाया. पलीकडच्या, बोलिव्हियाच्या. पन्नाशीच्या, कपाळाला खडूचा डाग, दर शनिवारी पुलावरून चालत यायच्या. त्यांनी त्यांची छोटी बाटली पर्समधून काढली. तिच्यावर चिठ्ठी नव्हती, आत पाण्यासारखं काही होतं.

"ही लेहिया," बाई म्हणाल्या. "आणि हे फोर्तुनाताचं आम्ल. आज यांची झुंज लावायचीय."

हमाल, भाजीवाल्या, एक शिपाई, सगळे पुढे सरकले. झुंज म्हटल्यावर माणसं पुढे सरकतातच.

बाईंनी जांभळ्या मक्याच्या पाण्यात माझ्यातले चार थेंब टाकले, पाणी लालभडक झालं. मग त्यांच्या बाटलीतलं थेंबथेंब टाकत गेल्या. लाल उतरत गेलं आणि पाणी पुन्हा जांभळं झालं. भांडं हातात दिलं तर गरम लागत होतं.

"आता फळ्याकडे बघा. आम्ल पाण्यात पडलं की त्याची जोडी फुटते. हायड्रोजन वेगळा, क्लोराइड वेगळा."

"काडीमोडच की बाई," भाजीवाली म्हणाली.

"काडीमोडच. लेहियातही तेच. सोडियम वेगळा, हायड्रॉक्साइड वेगळा. आता चौघं एका भांड्यात. कोण कुणाच्या अंगावर धावून जातं?"

"हायड्रोजन, हायड्रॉक्साइडच्या," फोर्तुनाता म्हणाली.

"आणि होतं काय?"

"पाणी."

"मग सोडियम आणि क्लोराइड काय करतात?"

बाई म्हणाल्या, "जत्रेत बैल सोडतात ना? रिंगणात एक बैल, एक माणूस. बाकी गाव भिंतीवर बसून शेंगा खातं. झुंज कुणाची झाली ते लिहायचं तर गावाची यादी लिहायची का? नाही. भिंतीवरचे खोडायचे. सोडियम खोडला, क्लोराइड खोडला. हे नुसते प्रेक्षक. उरलं ते खरं, त्याला म्हणतात निव्वळ आयनांचं समीकरण."

फळ्यावर खाली एकच ओळ उरली: H⁺ + OH⁻ → H₂O.

मागून एक हमाल म्हणाला, "बाई, आमच्याकडे दोन ग्लास पोटात गेले की भिंतीवरचेपण उडी मारतात. मागच्या जत्रेत माझ्या मामाच्या मांडीत शिंग गेलं."

वर्ग फुटला हसून. बाईही हसल्या. म्हणाल्या, "तुझ्या मामापेक्षा क्लोराइड शहाणा."

एकटी फोर्तुनाता हसत नव्हती, वहीत ओळ उतरवत होती. तिनं हात वर केला. "म्हणजे बाई, दुकानात हे तेजाब सांडलं, तर वरून लेहिया ओतली की पाणीच होणार?"

"पाणी आणि थोडं मीठ. गरम होईल मात्र, जपून," बाई म्हणाल्या. तेवढ्यात तास संपला आणि खुर्च्या सरकायला लागल्या.

त्या दिवशी परतताना फोर्तुनाता पाठीवरच्या मला सांगत होती, "बघ, एवढी वर्षं तुला घाबरले. तुझ्यावर इलाज घरातच होता की." तिचा आनंद तिच्या चालण्यात कळत होता. खरं सांगतो, मलाही बरं वाटलं. चूक तिच्या ध्यानात आली नाही तशी माझ्याही आली नाही. मीही अलीकडच्याच काठाचा ना.

आता ऐका. पुढच्या शुक्रवारी बाजार होता. जत्रा तोंडावर आली होती. निकानोर एका नाचमंडळाचा म्होरक्या, आणि त्याच्या मंडळाचे मुखवटे तयार नव्हते. भिंतीवर मात्र दुसऱ्या मंडळाचे बावीस मुखवटे ओळीनं टांगलेले, झळझळीत. तो दारातच थांबला.

"सख्ख्या भावाचे मागे आणि त्या बेवड्यांचे आधी?"

"त्यांनी पत्रा आधी आणून दिला," नासारियो म्हणाला. मान वर केली नाही. हातोडी चालूच.

"माझ्याकडे बघून बोल!"

"सोमवारी देतो म्हटलं ना. जा आता, उजेड अडवू नकोस."

बस्स, एवढ्यावर. निकानोरनं एक मुखवटा ओढून जमिनीवर आपटला आणि वर बूट दिला. पापण्या चेपल्या. तीन दिवसांचं काम होतं ते. नासारियो उठला आणि त्यानं भावाच्या कानाखाली सणसणीत वाजवली. मग दोघं असे जुंपले की भिंतीवरचे मुखवटे खणखण खाली पडायला लागले. एवढंसं दुकान, सात पावलं लांब, मागे खिडकी नाही. निकानोरनं भावाच्या पोटात लाथ घातली. नासारियो दुमडून खाली बसला. दुसरी लाथ त्याला लागायची ती मला लागली.

मी कलंडलो. बूच उडालं. पोटातलं भळाभळा सिमेंटवर धावलं आणि फेस चढायला लागला. माझी मान ऐरणीवर अडकली म्हणून तिसरा हिस्सा आत राहिला, बाकी सगळं नासारियोच्या पायांखाली गेलं. तो किंचाळला. पोटातली कळ त्याला उठू देईना.

फोर्तुनाता मागच्या अंगणात कपडे धूत होती. धावत आली, एका नजरेत सगळं बघितलं आणि, काय सांगू, तिचा चेहरा उजळला. उपाय माहीत असलेल्या माणसाचा चेहरा होता तो. अंगणातून निळा डबा उचलून आणला. अलीकडच्या काठावर प्रत्येक घरात असतो तो. कपडे पांढरे करायचं, नाकात झोंबणारं ब्लीच. आमच्याकडे त्याला म्हणतात लेहिया.

"घाबरू नका! आत्ता पाणी होईल याचं!" असं ओरडत तिनं अख्खा डबा उपडा केला.

वर्गात बाईंनी ज्याच्यावर रेघ मारली होती तो क्लोराइड, तोच उठला. समोर बाईंच्या बाटलीतला कॉस्टिक सोडा असता तर बापजन्मी उठला नसता, गुपचूप बसला असता. पण ब्लीचमध्ये त्याच्याच जातीचा एक ऑक्सिजनला धरून बसलेला असतो. हायड्रोजननं तो ऑक्सिजन ओढून काढला, पाणी केलं, आणि हे दोघे एकमेकांना येऊन भिडले. जे निघालं ते पाणी नव्हतं. पिवळट हिरवी विषारी हवा निघाली, क्लोरीन वायू, वजनदार, जमिनीलगत पसरणारी. आणि जमिनीवर नासारियो होता.

निकानोर दाराशी होता. तो बाहेर पळाला. फोर्तुनातानं एक श्वास घेतला आणि ती कोसळलीच, रांगत दारापर्यंत गेली, बाहेर ओकली, आणि शालीचा पदर तोंडाला बांधून परत आत आली. नवऱ्याच्या काखेत हात घालून तिनं त्याला ओढत काढलं. तो खोकत होता, तोंडातून गुलाबी फेस येत होता. मी आडवा पडून सगळं बघत होतो. तेव्हा वाटलं, मी तेव्हाच लग्नात फुटलो असतो तर बरं झालं असतं.

संध्याकाळ व्हायच्या आत दवाखान्यात नासारियोनं जीव सोडला.

मग बोलणी सुरू झाली. माणूस मेला की लोकांना दोष द्यायला लगेच एक नाव लागतं. निकानोर दवाखान्याच्या पायरीवर बसून सगळ्यांना सांगत होता: "पलीकडच्या बाईनं वहिनीला शिकवलं. ॲसिडवर लेहिया ओत म्हणाली. वहीत लिहिलेलं आहे, बघा! मुद्दाम केलंय. बोलिव्हियन बाई, तिला आमचं काय पडलंय!" लाथांचं त्यानं नाव काढलं नाही. मुखवट्यांचं काढलं नाही. ती वही गावभर फिरली. वाचता न येणाऱ्यांनीही ती उघडून बघितली आणि माना डोलावल्या.

शनिवारी सकाळी बाई नेहमीसारख्या पूल उतरून आल्या. त्यांना कशाची खबरबात नव्हती. पर्स खांद्याला, खडूचा डबा हातात. पुलाच्या तोंडाशी दीडदोनशे माणसं होती. कुणीतरी त्यांच्या टोपीला हात घातला, कुणीतरी केसांना. खडू रस्त्यावर सांडले. दगड लागला तो डाव्या भुवईवर, रक्त डोळ्यात उतरलं. त्यांना दिव्याच्या खांबाला दोरीनं आवळलं.

"अहो, काय केलं मी? सांगा तरी!" बाई ओरडत होत्या.

"नासारियोला मारलंस!"

"कोण नासारियो?"

या प्रश्नानं लोक जास्तच चवताळले. एका म्हातारीनं पुढे होऊन थोबाडीत दिली.

निकानोर मला काखेत घेऊन आला होता. "जे त्याला दिलंस ते तुला!" म्हणून त्यानं बूच उपटलं. माझी वाफ बाईंच्या तोंडावर गेली, त्यांनी डोळे गच्च मिटले. गर्दी ओरडत होती, "ओत! ओत!" त्यातले निम्मे लोक तिथं का आले होते ते त्यांनाच माहीत नसेल. एक जण तर मक्याचं कणीस खात होता. मी कलायला लागलो. आयुष्यभर माझा कल डावीकडे, आणि बाई डावीकडेच होत्या. मला ओरडता येत नाही हे दुःख मला त्या दिवशी जितकं झालं तितकं कधी झालं नाही.

"थांबा!"

फोर्तुनाता दवाखान्यातून धावत आली होती. रात्रीपासून तिचा आवाज बसलेला, डोळे सुजून बारीक झालेले. दवाखान्यातल्या नर्सनं तिला विचारलं होतं, काय ओतलंस? लेहिया, बाईंनी सांगितली होती. कुठली बाई? पलीकडची. ती नर्स पलीकडेच शिकलेली. तिनं कपाळावर हात मारला होता. हे सगळं मला मागाहून कळलं. तेव्हा फक्त एवढं दिसलं की ही बाई माणसांना कोपरं मारत वाट काढतेय.

ती खांबापाशी उभी राहिली, गर्दीकडे तोंड करून.

"मला एक सांगा. लेहिया म्हणजे काय?"

"हे काय विचारणं झालं?"

"सांगा ना! तोंडं आहेत ना ओरडायला? लेहिया म्हणजे काय?"

"निळ्या डब्यातली," म्हातारी म्हणाली. "कपड्यांची. शेंबडं पोरसुद्धा सांगेल."

"हट्!" मालाची तीनचाकी ढकलणारा एक पलीकडचा गडी मागून ओरडला. "ती लावांदिना! लेहिया ही!" आणि त्यानं गालात धरलेली काळी राखेची वडी काढून तळहातावर धरली. कोकाच्या पानांबरोबर चघळतात ती. "हिला म्हणतात लेहिया. राखेच्या खाऱ्या पाण्याला म्हणतात, कॉस्टिक सोड्याच्या पाण्यालाही म्हणतात. कपड्याला कोण लेहिया लावतं?"

"आम्ही लावतो!"

"मग तुम्ही येडे आहात!"

"येडा तुझा बाप!"

आणि बघता बघता दोन काठ एकमेकांवर ओरडायला लागले, लेहिया म्हणजे हे, लेहिया म्हणजे ते. मग हळूहळू आवाज उतरत गेला. एकेकाच्या डोक्यात शिरत होतं. ज्यानं बाईंचे केस धरले होते त्यानं सोडले.

निकानोरनं मात्र मला खाली घेतलं नाही. "शब्द काय करायचेत? माझा भाऊ मेलाय!"

"माझा नवरा मेलाय," फोर्तुनाता म्हणाली. "चला, लिहू या कुणी मारला ते. सगळी यादी घ्या. बाई, शाळा, वही, ॲसिड, लेहिया, मुखवटे, तुम्ही, मी, हे सगळं गाव. आता खोडा. गाव खोडा, ते नव्हतं तिथं. बाई खोडा, त्या पलीकडे होत्या. उरलं कोण भावजी? माझ्या नवऱ्याला पोटात लाथ घालून जमिनीवर कुणी बसवलं? बुधला कुणी लाथाडला? तुमची लाथ आणि माझा हात, एवढंच उरलं. ओतायचं तर आधी तुमच्यावर ओता, मग माझ्यावर."

गर्दीनं निकानोरकडे बघितलं. लाथेचं हे त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं होतं.

तेव्हा बाई बोलल्या. एक डोळा रक्तानं बंद, ओठ फाटलेला.

"मला खोडू नकोस, फोर्तुनाता. शब्द माझा होता. बाटलीवर मी नाव लिहिलं नव्हतं. मी भिंतीवर नव्हते."

अहो, जिचा जीव त्या एका रेघेवर होता, तिनंच ती रेघ नाकारली. निकानोरनं मला आपटलं की मी निसटलो, देव जाणे. मी टोपलीसकट रस्त्यावर आदळलो आणि पोटातलं उरलेलं फोर्तुनाताच्या मानेवर आणि हातावर उडालं.

ती किंचाळली. आणि गर्दीतून कुणीतरी, काय म्हणावं आता, कुणीतरी ओरडलं, "लेहिया आणा!"

"नको!" दोघी एकदम ओरडल्या.

"पाणी!" बाई खांबाला बांधलेल्या तशाच ओरडत होत्या. "नुसतं पाणी! ओतत राहा! चोळू नका, कपडा काढा, ओता, ओता!"

मुंडीचं सूप विकणारी पास्तोरा नावाची बाई होती, तिनं ताटल्या विसळायची बादली उचलून फोर्तुनातावर रिकामी केली. मग दुसरी बादली आली, मग नदीवरून घागरी. दगड घेतलेले हात आता बादल्या धरत होते. बाईंची दोरी कुणी सोडली ते मला दिसलं नाही, पण पुढच्या क्षणी त्या फोर्तुनाताशेजारी बसून तिच्या मानेवर पाणी धरत होत्या आणि ती त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून ढसाढसा रडत होती, "बाई, मी पाणी होईल म्हणून ओतलं हो. पाणी होईल म्हणून."

"ठाऊक आहे गं मला. ठाऊक आहे."

निकानोरला पोलीस घेऊन गेले. जाताना तो भावाचं नाव घेऊन रडत होता. ते रडणं खोटं होतं असं मी म्हणणार नाही.

तीन आठवडे वर्ग भरला नाही. चौथ्या शनिवारी बाई पुन्हा पूल उतरून आल्या. डाव्या डोळ्यानं त्यांना आता नीट दिसत नाही. बाक सगळे रिकामे होते. फोर्तुनाता एकटी पहिल्या बाकावर, मानेला फडकं, मांडीवर वही. मग फोर्तुनाता म्हणाली, "पुढचं शिकवा बाई." हळूहळू बाकीचे आले. हमाल आला, भाजीवाली आली. बाईंच्या नजरेला नजर द्यायला त्यांना फार दिवस लागले.

मला धुऊन, दहा वेळा खंगाळून, वर्गाच्या कोपऱ्यात ठेवलंय. आत पाणी. अंगावर फोर्तुनातानं मोठ्या अक्षरात पाणी लिहिलंय, आमच्या आयमारा बोलीत, स्पॅनिशमध्ये, आणि खाली H₂O. काठ कुठलाही असो, ते तिसरं कुणाला चुकत नाही. मी आयुष्यभर लोकांच्या हातचं हत्यार झालो, आता इथंच राहू द्या मला. आणि तुमच्या घरात बिनचिठ्ठीची बाटली असेल तर आज उठा आणि तिच्यावर लिहा, हात जोडून सांगतो. शब्दावर भरवसा ठेवून ओतू नका. शब्द पूल ओलांडला की बदलतो, आतला ऐवज बदलत नाही.

परवा बाईंनी पुन्हा तोच धडा काढला. फळ्यावर आम्ल लिहिलं: हायड्रोजन, क्लोराइड. पुढे अधिकचं चिन्ह काढून खडू थांबवला आणि विचारलं, "यातला प्रेक्षक कोण? कोण खोडतं?"

"क्लोराइड!" सगळा वर्ग ओरडला.

फोर्तुनाता उठली. खडू घेतला, क्लोराइडवर टेकवला, आणि तिचा हात तिथंच राहिला. बाईंकडे वळताना मानेवरची जळलेली कातडी ताणली गेली.

"बाई," ती म्हणाली, "समोर कोण आहे ते आधी सांगा. मग खोडते."